इटलीत पडलेल्या आजोबांच्या नावापर्यंत कसे पोहोचावे

वाचकाचे पत्र: स. न. वि. वि. मी ६२ वर्षांचा निवृत्त शिक्षक असून जुळे सोलापुरात राहतो. आमचे मूळ गाव सांगोला तालुक्यात आहे. माझ्या वडिलांचे धाकटे चुलते दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीला गेले आणि १९४४ साली तिकडेच पडले. तार आली तेव्हा वडील पाच वर्षांचे होते. आज ते ८६ वर्षांचे आहेत आणि ‘काकांच्या समाधीवर एकदा फूल वाहायचे आहे’ असे वारंवार म्हणतात. घरात चांदणीच्या आकाराचे एक पदक आहे, बाकी कागदपत्रे काहीच उरलेली नाहीत. एका पर्यटन कंपनीने युरोपच्या बारा दिवसांच्या सहलीत फ्रान्समधील भारतीय सैनिकांचे स्मारक दाखवू, असे सांगितले आहे. पुतण्या मात्र विचारतो की, चार हुतात्म्यांच्या शहरातील माणसाने इंग्रजांच्या फौजेतील शिपायापुढे डोके का टेकवावे? आम्ही जावे का, कोठे आणि केव्हा जावे, वडिलांना न्यावे का आणि तेथे कोणता विधी करावा? — एक वाचक, सोलापूर.

सप्रेम नमस्कार.

आपण जरूर जावे आणि वडिलांना बरोबर नेण्याचा विचारही सोडू नये. मात्र त्या पर्यटन कंपनीकडे आगाऊ रक्कम भरण्याआधी आपल्या चुलत आजोबांचे नाव नेमके कोणत्या गावी, कोणत्या दगडावर कोरलेले आहे हे शोधून काढावे. युद्धभूमी पाहायला निघालेली माणसे बहुधा प्रसिद्ध ठिकाणांची यादी करून प्रवास आखतात, पण ज्यांच्या घरातला माणूस परत आला नाही त्यांनी त्या एका माणसाच्या नावापासून सुरुवात करावी, म्हणजे देश, शहर, नदी आणि दिवस हे सारे त्या नावामागून ठरत जाते.

कंपनीने सुचवलेले फ्रान्समधील स्मारक बहुधा न्यूव्ह शापेल येथील असावे. ते पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांचे आहे. मार्च १९१५ मध्ये तेथे मोठी लढाई झाली आणि १९२७ साली उभारलेल्या त्या वर्तुळाकार स्मारकावर, ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. ते स्थळ नमस्कार करण्याजोगेच आहे, परंतु १९४४ साली इटलीत पडलेल्या माणसाचे नाव तेथे असणार नाही, आणि ८६ वर्षांच्या वडिलांना एवढा प्रवास घडवून दुसऱ्याच युद्धाच्या स्मारकापुढे उभे करणे योग्य होणार नाही.

आता त्या पदकाकडे वळू. आपण त्याच्या फितीचा उल्लेख केलेला नाही. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल अशा समान पट्ट्यांची फीत शिल्लक असेल, तर तो इटली स्टार होय. जून १९४३ ते मे १९४५ या काळात त्या मोहिमेत असलेल्यांना तो दिला गेला. पदक चिंचेने किंवा पावडरीने घासून लखलखीत करण्याचा मोह कृपया टाळावा, कारण भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवर पुष्कळदा सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते आणि ती घासल्याने पुसट होते. चांदणीची पाठ आणि गोल पदक असल्यास त्याची कड तिरप्या उजेडात भिंगाखाली पाहावी. तो क्रमांक हाती लागला, तर निम्मा शोध संपला असे समजावे.

त्यानंतर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरील नावांचा शोध घ्यावा. १९१७ साली स्थापन झालेली ही संस्था दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांच्या कबरी आणि स्मारके दीडशेहून अधिक देशांत सांभाळते. तिची नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. आपली माणसे येथेच अडखळतात, कारण आपण आजच्या स्पेलिंगने शोधतो आणि नोंद मात्र ऐंशी वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तशी असते. एकच आडनाव तीन-चार प्रकारे लिहिलेले सापडते, आडनावाच्या जागी वडिलांचे नाव पडलेले असते, किंवा आडनाव मुळीच नसते. पलटणीच्या नावातील ‘मराठा’ हा शब्दही त्या काळी ‘एच’ आधी आणि ‘टी’ दोनदा असा लिहीत असत. म्हणून आडनावाचा हट्ट न धरता मृत्यूचे वर्ष, देश आणि पलटण एवढ्यावरच यादी काढावी आणि प्रत्येक नोंदीखालची जादा माहिती वाचावी. तेथे पुष्कळदा आईवडिलांचे किंवा पत्नीचे नाव आणि गाव दिलेले असते. सोलापूरचे स्पेलिंग तेथे ‘एस-एच-ओ’ने सुरू होणारे जुन्या वळणाचे असेल. (आपले गाव सांगोल्याकडचे असल्याने जिल्हा सोलापूरच सापडावा, मात्र हे उत्तर वाचणाऱ्या अक्कलकोट आणि मंगळवेढ्याच्या मंडळींनी लक्षात ठेवावे की, त्या काळी अक्कलकोट हे स्वतंत्र संस्थान होते आणि मंगळवेढे सांगली संस्थानात मोडत असे.)

नोंद सापडली नाही तर निराश न होता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पदकाच्या छायाचित्रासह अर्ज द्यावा आणि विजयपूरमार्गे एकदा बेळगावला जाऊन यावे, कारण मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आणि अभिलेख तेथे आहेत. जाण्याआधी पत्र पाठवून वेळ घ्यावी. ‘मराठा पलटण’ हा शब्द घराघरांत सैल अर्थानेही वापरला जाई, हेही ध्यानात असू द्यावे. पदकावर बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेतील अभियंत्यांच्या पलटणीचे, नाव निघाले, तर चौकशी बेळगावला नव्हे, तर खडकीला करावी लागेल.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे आणि ती आपण वडिलांना प्रवासाआधी, घरी, शांतपणे सांगावी असे मला वाटते. काकांची समाधी बहुधा नसेल. इटलीत पडलेल्या अनेक हिंदू आणि शीख सैनिकांचे त्यांच्या धर्माप्रमाणे दहन करण्यात आले, आणि अशांची नावे स्वतंत्र शिळेवर नव्हे, तर दहन-स्मारकावर एकत्र कोरलेली आहेत. उत्तर इटलीतील फोर्ली शहराच्या कडेला भारतीय सैन्याची वेगळी दफनभूमी असून तिच्यातील दहन-स्मारकावर जवळपास आठशे नावे आहेत. एड्रियाटिक किनाऱ्याजवळच्या सांग्रो नदीच्या दफनभूमीतही अशीच पाचशेहून अधिक नावे आहेत. ज्यांचा देहच मिळाला नाही किंवा ओळखता आला नाही, त्यांची नावे रोमच्या दक्षिणेस कॅसिनो येथील स्मारकावर आहेत. त्या स्मारकावर चार हजारांहून अधिक नावे आहेत आणि भोवतीच्या दफनभूमीत ४,२७१ कबरी आहेत, त्यांपैकी २८९ जणांची ओळख कधीच पटली नाही. पांढऱ्या शिळांच्या रांगा पाहून वडील ‘आमचे काका यांपैकी कोणते?’ असे विचारतील, आणि त्या क्षणी उत्तर नसण्यापेक्षा, काकांना रीतीप्रमाणे अग्नी मिळाला असेल हे त्यांना आधीच ठाऊक असणे पुष्कळ बरे. कित्येक घरांना याच माहितीने दिलासा मिळालेला मी पाहिला आहे, कारण तार आल्यापासून त्यांच्या मनात एकच काळजी घर करून होती, की आपल्या माणसाचे शेवटचे कोणी केले की नाही.

दुसरी गफलत अशी होते की, नाव जेथे कोरले आहे तेथेच माणूस पडला असे आपण गृहीत धरतो. रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण पाहावे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधील या २२ वर्षांच्या तरुणाने १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतील जवळजवळ सारे साथीदार पडलेले असताना, एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली, ते ठाणे जिंकले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश फौजेतील सर्वोच्च शौर्यपदक, मिळालेल्या या वीराचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि ती लढाई जेथे झाली ते खोरे तेथून दोनशे किलोमीटरहून अधिक उत्तरेस, उम्ब्रिया प्रांतात आहे. त्या खोऱ्यातील माँटोने या टेकडीवरच्या गावाने २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. आपल्या आजोबांच्या बाबतीतही नाव एकीकडे आणि रणभूमी दुसरीकडे असण्याचा संभव आहे, म्हणून मृत्यूची तारीख आणि बटालियन या दोन्ही गोष्टी मिळवाव्यात. पहिली बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर १९४३ च्या अखेरीस सांग्रो नदीवर लढली आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदी ओलांडत होती. तिसरी बटालियन दहाव्या डिव्हिजनबरोबर १९४४ च्या उन्हाळ्यात टायबरच्या खोऱ्यात होती. तारीख आणि बटालियन जुळली की ‘नदीच्या काठी पडले’ असे काही घरात सांगितले जात असेल, तर ती नदी कोणती हेही कळू शकेल.

एवढे हाती आल्यावर प्रवासाचा आराखडा सोपा आहे. विमानाने रोमला उतरावे, दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि तेथून रेल्वेने सुमारे दोन तासांच्या अंतरावरील कॅसिनो करून यावे. गावामागच्या डोंगरावरचा मठ दफनभूमीतूनच दिसतो आणि १९४४ च्या जानेवारीपासून मेपर्यंत सैन्ये येथे का अडून राहिली हे तो चढ पाहताच कळते. त्यानंतर चालकासह मोटार भाड्याने घेऊन माँटोने आणि पुढे फोर्ली करावे, आणि परतीचे विमान बोलोन्याहून घ्यावे. फोर्लीला गेल्यास एक सकाळ सेनियो नदीसाठी राखून ठेवावी. ९ एप्रिल १९४५ रोजी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी याच नदीच्या पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या बांधावरून दोन जखमी साथीदारांना एकामागून एक सुरक्षित जागी नेले, मग परत येऊन मशीनगनची ठाणी निकामी केली आणि बांधावर उभे राहून शिवरायांच्या जयघोषात बाकीच्यांना पलीकडे बोलावले. ते वाचले, आणि त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नदी लहान आहे, पण तिचे दोन्ही बांध उंच आहेत, आणि भीमेचा पूर पाहिलेल्या माणसाला बांध चढताना पाठीवर जखमी माणूस असणे म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. सांग्रोचा फेरा मात्र नाव तेथे असेल तरच घालावा. नऊ दिवस पुरेत; यात पॅरिस आणि स्वित्झर्लंड कोंबू नये.

व्हिसाबद्दल थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो, महाराष्ट्रातील अर्ज इटलीच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो. वडिलांच्या विम्यात आधीपासूनचे आजार स्पष्ट लिहून घ्यावेत.

पुतण्याच्या प्रश्नाला मी खोडसाळ मानत नाही आणि आपणही मानू नये. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरने मार्शल लॉ सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फासावर चढवण्यात आले. त्यांचे पुतळे पाहत वाढलेल्या मुलाला हा प्रश्न पडला नसता, तर मला वाईट वाटले असते. परंतु सांगोल्याच्या माळावरचा तरुण फौजेत भरती झाला तो साम्राज्याच्या प्रेमापोटी झाला असे मानायला आधार नाही. पाऊस नाही, जमीन थोडी, घरात खाणारी तोंडे अधिक आणि दरमहा घरी येणारी पगाराची मनीऑर्डर, ही कारणे त्या पट्ट्यातील कोणतेही जुने घर आजही सांगेल. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख भारतीय सैन्यात गेले आणि त्यांपैकी ८७,००० हून अधिक मृत्युमुखी पडले. एवढ्या माणसांचा शोक त्यांच्या गणवेशाच्या रंगावर सोडून देणे मला पटत नाही. शिवाय, आपण ज्याच्यापुढे नतमस्तक होणार आहोत तो साम्राज्याचा झेंडा नसून, पाच वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेणारा काका आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचेच. दुसऱ्यांच्या युद्धात जखमींची शुश्रूषा करताना १९४२ साली ते चीनमध्ये वारले आणि त्यांची समाधी तेथेच, शिजियाझुआंग शहरात आहे. आपला माणूस परक्या मातीत राहणे म्हणजे काय हे या शहराला ठाऊक आहे.

पुतण्याला घेऊन आधी खडकीला जावे, अशी माझी विनंती आहे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन त्याच रात्री परतता येते. खडकीच्या युद्ध-दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ज्या कबरींची देखभाल होणे शक्य नव्हते, त्या येथे एकत्र आणल्या गेल्या. शिळांवरची वये वाचावीत. ज्यांच्या आयांना आपल्या मुलाची कबर कधी पाहायला मिळाली नसेल अशी ती मुले आहेत, आणि त्यांच्याभोवतीचे गवत मराठी माळी कापतात. फोर्लीतील भारतीयांच्या नावांभोवतीचे गवतही असेच कोणा परक्याच्या हाताने कापले जाते. वडिलांना किती चालवते, किती वेळ उभे राहवते आणि इतक्या शिळा पाहून त्यांच्या मनावर काय परिणाम होतो, याचाही अंदाज त्या एका दिवसात येईल. खडकीचा दिवस त्यांना झेपला नाही, तर इटलीचा हट्ट धरू नये. झेपला, तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन विमानतळावर चाकाची खुर्ची मागून ठेवावी, आणि माँटोनेची चढण त्यांच्याकडून न चढवता मोटार जेथवर जाईल तेथवरच न्यावे.

काळाविषयी माझे मत स्पष्ट आहे: भाद्रपदाच्या वद्य पक्षात जावे. शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध वद्य चतुर्दशीला करण्याची आपली रीत आहे आणि दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या येते. हा काळ सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो, त्या वेळी इटलीतील उन्हाची काहिली सरलेली असते आणि नोव्हेंबरचा पाऊस अजून लागलेला नसतो. आपल्या पंचांगाने आणि तिकडच्या हवेने एकाच पंधरवड्याकडे बोट दाखवावे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. ऑगस्ट टाळावा, कारण उकाडा असतो आणि महिन्याच्या मध्यास तिकडे पुष्कळ दुकाने बंद असतात.

विधी साधा ठेवावा. तीळ आणि बाटलीतले पाणी घेऊन गवतावर तिलांजली द्यावी आणि तेथेच विकत घेतलेली फुले स्मारकाच्या पायाशी ठेवावीत. तेल, कुंकू, बुक्का दगडाला लावू नये, कारण त्या सच्छिद्र दगडावरील डाग निघत नाहीत आणि त्याच दगडावर इतर घरांचीही नावे आहेत. दिवा घरी, देवापुढे लावावा. गावची माती तेथे नेण्याची आणि तेथली माती येथे आणण्याची इच्छा जवळजवळ प्रत्येक घर बोलून दाखवते, आणि ती मोडताना मला वाईट वाटते. परंतु माती नेण्या-आणण्यावर युरोपीय संघाचेही निर्बंध आहेत आणि भारताचेही. युरोपात दुधाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे घरी ठेवून पंढरपूरचे चुरमुरे आणि साखरफुटाणे न्यावेत. वाटेसाठी शेंगांची चटणी आणि कडक भाकरी अवश्य बरोबर असावी. माँटोनेच्या नगरपालिकेला आधी पत्र लिहून कळवले आणि जाताना सोलापुरी चादरीची एक घडी भेट म्हणून नेली, तर ते मला फार आवडेल. शेतातला गंजका लोखंडी तुकडा मात्र कोणीही उचलू नये, कारण न फुटलेला दारूगोळा त्या भागात आजही सापडतो.

निघण्याआधी स्मारकाच्या पॅनेलचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. काही वर्षांपूर्वी मी एका मैत्रिणीच्या आजोबांसाठी कॅसिनोला गेले, तेव्हा तो क्रमांक घेतला नव्हता. दोन तास भिंतीमागून भिंत वाचत राहिलो आणि नाव सापडले तेव्हा दफनभूमीत सावल्या लांबल्या होत्या. नावे रोमन लिपीत आहेत. वडिलांना ती लिपी वाचता येत नसेल, तर काकांचे नाव मोठ्या रोमन अक्षरांत एका कागदावर लिहून ते त्यांच्या हाती द्यावे, म्हणजे दगडावर ते त्यांचे त्यांनाच शोधता येईल. प्रवेशद्वाराजवळ भिंतीत एक लहानशी धातूची पेटी असते आणि तिच्यात भेट देणाऱ्यांसाठी वही असते. त्या वहीत आपण काही लिहू नये. वडिलांना लिहू द्यावे, मराठीत, काकांचे पूर्ण नाव, गाव, तालुका सांगोला, जिल्हा सोलापूर, आणि खाली ‘पुतण्या’ म्हणून त्यांची स्वतःची सही.